पेशवाईतलं मोडलेलं लग्न

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा अशा कुंपणाशी या. सगळे म्हणतात, पेशवाई खडकीच्या माळावर बुडाली. बुडाली असेल हो! पण मी म्हणते, नाशिकला ते लग्न मोडलं ना, तेव्हाच निम्मी गेली होती.

कुणाचं काय विचारता? गंगाधरशास्त्र्यांच्या मुलाचं! गायकवाडांचे कारभारी हो, 1814 साली बडोद्याहून पुण्याला आले ते. काम काय, तर अहमदाबादचा इजारा आणि जुनी थकबाकी. पण माणूस आला तो इंग्रजांची हमी घेऊन. म्हणजे त्याच्या केसाला धक्का लागला तर जाब विचारणार कंपनी. आता दोन मराठी सरकारांच्या हिशेबात कंपनी आली कुठून, तर ती वसईची सही! श्रीमंत पेशव्यांनी विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिलं, मग त्याचा भाऊ गप्प बसतोय होय? यशवंतरावानं 1802 च्या ऐन दिवाळीत हडपसरला येऊन असा दणका दिला, की श्रीमंत पळाले ते थेट वसईला. 31 डिसेंबरला तह केला, इंग्रजांच्या पलटणी स्वतःच मागून घेतल्या, वर त्यांच्या खर्चाला 26 लाखांचा मुलूख. भावकीच्या भांडणात शेजाऱ्याला पंच म्हणून बोलवावं, आणि त्यानं माजघरात अंथरूण घालावं, तसं झालं बघा.

तर काय सांगत होते... हां, शास्त्रीबुवा! चांगले विद्वान, पण तोरा काय विचारू नका. भरभर चालायचे, भरभर बोलायचे, समोरच्याला मध्येच तोडायचे, आणि पेशव्यांना नि कारभाऱ्यांना चक्क इंग्रजीतून शिव्या! मी नाही म्हणत, एल्फिन्स्टननंच लिहून ठेवलंय. रेसिडेंट होता ना तो, संगमावरच्या बंगल्यात बसून साऱ्या पुण्यावर लक्ष.

श्रीमंत आधी जाम चिडले होते शास्त्र्यांवर. मग काय जादू झाली कोण जाणे, एकदम गोडीगुलाबी! कारभारी व्हा म्हणाले. वर मेहुणीच देऊ केली शास्त्र्यांच्या मुलाला. नाशिकला तयारी सुरू. आणि अशा टायमिंगला शास्त्रीबुवांनी हात आखडता घेतला! गायकवाडांना काय वाटेल, ही भीती. तयारी राहिली तशीच. त्यात आणखी एक... जवळ या... आपल्या बायकोला वाड्यावर पाठवायलाही नकार. का म्हणजे काय? वाड्यावर काय चालायचं ते सगळ्या पुण्याला ठाऊक होतं. पण तोंडावर कोण म्हणतं असं? श्रीमंतांचा चेहरा काय झाला असेल, डोळ्यांपुढे आणा! आणि शेजारी त्रिंबकजी डेंगळे उभे. जासुदाचे कारभारी झालेला माणूस, धन्याचा चेहरा वाचण्यात पटाईत.

मग पंढरपूर. जुलै 1815. शास्त्री म्हणाले, बरं वाटत नाही, देवळात येत नाही. त्रिंबकजींचं बोलावणं पुन्हा, पुन्हा. शेवटी गेले बिचारे, विठ्ठलाचं दर्शन घेतलं, आणि परतताना रस्त्यातच मारेकऱ्यांनी गाठलं. एल्फिन्स्टन तेव्हा वेरुळची लेणी बघत होता म्हणे! तिथे बातमी पोचली, आणि झालं, हमीचा कागद बाहेर निघाला. त्रिंबकजींना हवाली करा. श्रीमंतांनी आजचं उद्यावर ढकललं खूप, पण शेवटी दिले.

आणि पुढची गंमत ऐका. त्रिंबकजींना ठेवलं ठाण्याच्या किल्ल्यात. सिक्युरिटी एकदम कडक, पहाऱ्यावर सगळे गोरेच. म्हणजे फितुरीचा सवालच नाही. पण गोऱ्यांना मराठी कुठे कळतंय! एका साहेबाचा मोतद्दार खिडकीखाली घोडा फिरवता फिरवता गाणी म्हणायचा, आणि गाण्यातून सगळा बेत वर पोचायचा. 1816 च्या सप्टेंबरात, भर पावसाच्या रात्री, संडासाच्या भिंतीला भोक पाडून स्वारी पसार! मला तर बाई हसू आवरत नाही.

पण त्याची किंमत केवढी. जून 1817 मध्ये नवा तह, मराठी सरदारांवरचं वडीलपण लिहून सोडून द्यायचं. मग 5 नोव्हेंबरला खडकीची लढाई. सेनापती बापू गोखले मैदानात, आणि श्रीमंत पर्वतीवरून बघतायत. संगमावरचा बंगला मात्र आपल्या लोकांनी जाळला, एल्फिन्स्टनची पुस्तकं गेली सगळी त्यात. पुस्तकांचं वाईट वाटलं हो मला, खोटं कशाला बोलू. आणि 17 तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लावायला कोण? आपलेच बाळाजीपंत नातू! त्यांचं नाव काढलं की अजून सदाशिव पेठेत कपाळाला आठ्या पडतात.

पुढे बापू गोखले आष्टीला पडले, आणि 1818 च्या जूनमध्ये श्रीमंत इंग्रजांच्या माल्कमसाहेबाच्या स्वाधीन झाले. पण पेन्शन बघा हं, वर्षाला 8 लाख! गव्हर्नर जनरलला फार वाटलं ते. देऊन बसला होता माल्कम, करतो काय. आणि श्रीमंत? कानपुराजवळ बिठूरला गंगास्नान, दानधर्म, लग्नं... जगले 1851 पर्यंत! करा हिशेब, अडीच कोटींच्या वर गेले कंपनीचे. म्हणून मग दत्तक मुलानं, नानासाहेबांनी, पेन्शन मागितली तर साफ नाही म्हणाले. त्यांनी वकील पार विलायतेला पाठवला, तरी नाहीच. आणि सहाच वर्षांत कानपुरात काय झालं ते तर... अगबाई, कुकरची तिसरी शिट्टी झाली वाटतं, थांबा, आलेच!