ओढ्यातले दगड, एक रजा आणि दहा दिवस

२०१७ सालच्या ऑक्टोबरात दक्षिण कोरियातला नोकरदार दहा दिवसांची सुट्टी संपवून कचेरीत परतला आणि खुर्चीत नीट टेकायच्या आत त्याने पुढची अशी सुट्टी कधी येते ते पाहिलं. उत्तर आलं, २०२५. म्हणजे आठ वर्षं. एवढ्या काळात मूल जन्मून दुसरीत जातं, पण सुट्टीच्या बाबतीत हा माणूस चिवट. त्याने वाट पाहिली.

कोरियन कचेऱ्यांमधल्या विनोदांत या सामान्य नोकरदाराला ‘किम दॅरी’ म्हणतात. किम हे तिथलं सर्वांत बोकाळलेलं आडनाव आणि दॅरी म्हणजे कारकुनापेक्षा जरा वरचा, साहेबापेक्षा बराच खालचा हुद्दा. त्याच्या डोक्यावर ‘किम बुजांग’ असतात, म्हणजे विभागप्रमुख. या दोघांचं वर्षभर जे काही चालतं, त्यातला सर्वांत तीव्र संघर्ष पगारवाढीवरून होत नाही. तो छुसॉकच्या शेजारच्या शुक्रवारवरून होतो.

छुसॉक हा आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेचा सण. नवं धान्य, पितरांची पूजा, आई-वडिलांचं घर. आदला दिवस, सणाचा दिवस आणि नंतरचा दिवस अशी तीन दिवसांची सरकारी सुट्टी मिळते. नुसत्या तीन दिवसांनी कोणाचं काय होणार? खरी गंमत शेजाऱ्यांमुळे होते. ३ ऑक्टोबरला राष्ट्रस्थापना दिन आणि ९ ऑक्टोबरला हंगुल दिन, दोन्ही इंग्रजी तारखेला खिळलेले. हंगुल ही कोरियन लिपी; सेजोंग राजाने ती १४४६ मध्ये प्रजेच्या हाती दिली म्हणून आजही अख्ख्या देशाला सुट्टी मिळते. (आपल्याकडे भाषेच्या दिवशी भाषणं होतात.) चंद्र फिरत फिरत या दोन खुंट्यांच्या मधोमध येऊन अडकला, की कोरियन माणसाच्या भाषेत ‘सोनेरी सुट्टी’ उगवते.

२०२५ मध्ये तो बरोबर तसा अडकला. छुसॉक ६ ऑक्टोबरला, म्हणजे आपली कोजागरी होती त्याच दिवशी. त्याच चंद्राखाली इकडे लोक गच्चीवर आटीव दूध पीत होते आणि तिकडे निम्मा देश रस्त्यावर होता. ३ ऑक्टोबरला शुक्रवार होता. सणाच्या तीन दिवसांपैकी एक रविवारी आला, तो वाया जाऊ नये म्हणून बुधवारी बदली सुट्टी मिळाली. गुरुवारी हंगुल दिन. सात दिवस सलग पदरात पडले. मग उरला १० तारखेचा शुक्रवार, एकटा, केविलवाणा, शनिवार-रविवारच्या तोंडाशी उभा. तो रजा टाकून गिळला की झाले दहा दिवस.

अशा सुट्ट्यांना कोरियन भाषेत फार देखणा शब्द आहे: जिंगगॉमदारी. ओढा ओलांडण्यासाठी पाण्यात अंतराअंतरावर टाकलेले दगड. सुट्टी म्हणजे दगड आणि मधला कामाचा दिवस म्हणजे पाणी. पाय ओला होऊ द्यायचा नसेल, तर आपल्या खिशातली रजा काढून तिथे दगड म्हणून ठेवायची. कायद्याने वर्षभर काम केलेल्याला किमान १५ दिवसांची रजा मिळते, तेव्हा दगडांचा तुटवडा नाही. अडचण एवढीच, की कचेरीतल्या प्रत्येकाला दगड त्याच जागी ठेवायचा असतो आणि तिथे बुजांगांचा पाय आधीच पडलेला असतो.

सरकारनेच तो शुक्रवार सुट्टी म्हणून जाहीर करावा, अशी आशा महिनोन्महिने चघळली गेली. आशेला आधार होता. २०१७ मध्ये मून जे-इन सरकारने २ ऑक्टोबरच्या सोमवारी खास सुट्टी देऊन दहा दिवसांची माळ पुरी केली होती. २०२५ च्या जानेवारीतही चांद्र नववर्षाला जोडून २७ तारखेला अशीच सुट्टी दिली गेली. हेतू उदात्त: लोक देशात फिरतील, जेवतील, खरेदी करतील आणि मरगळलेल्या बाजारात जीव येईल. लोक फिरले. जेवले. खरेदीही केली. फक्त ओसाकाला, फुकुओकाला आणि दा नांगला. त्या जानेवारीत परदेशी गेलेल्या कोरियन लोकांचा आकडा तीस लाखांच्या घरात पोचला. सरकारने देशी दुकानदाराच्या भल्यासाठी दिलेला दिवस जपानी नूडलवाल्याच्या गल्ल्यात जमा झाला. ऑक्टोबरचा शुक्रवार मग कोणी जाहीर केला नाही.

व्हिएतनामातल्या दा नांगची गोष्ट तर वेगळीच. तिथे कोरियन पर्यटकांची एवढी रीघ असते, की कोरियन लोक त्या गावाला थट्टेने ‘ग्यॉन्गी प्रांत, दा नांग शहर’ म्हणतात. ग्यॉन्गी हा सोलला वेढून बसलेला प्रांत. म्हणजे पत्ता लिहिताना दा नांग उपनगरात टाकायचं. गर्दीपासून लांब जावं म्हणून किम दॅरी पाच तास विमानात बसतो, आणि उतरतो तेव्हा हॉटेलच्या न्याहारीच्या रांगेत पुढे कोण उभं असतं? एखाद्या दिवशी नक्कीच बुजांग.

परदेशाची तिकिटं मिळाली नाहीत तर जेजू बेट आहे. सोलच्या गिम्पो विमानतळावरून जेजूला जाणारा हवाई मार्ग जगातल्या सर्वांत गजबजलेल्या मार्गांत पहिला धरला जातो, आणि तेही एरवीच्या दिवसांत. सणाच्या दिवसांत त्याच्याबद्दल न बोललेलं बरं.

पण जे पळत नाहीत, घरीच जातात, त्यांनी तरी काय सुख भोगायचं? त्यांची परीक्षा रेल्वेच्या आरक्षणापासून सुरू होते. सणाच्या गाड्यांची तिकिटं काही आठवडे आधी, ठरलेल्या सकाळी, सात वाजता ऑनलाइन खुली होतात. सात वाजून एका सेकंदाने पडद्यावर आकडा दिसतो: तुमच्या पुढे इतके हजार जण. आकडा उतरत उतरत आपली पाळी आली, की आत फक्त तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात गाव, तारीख, गाडी, माणसं सगळं भरायचं. बोट अडखळलं तर पुन्हा शेपटीला. गणपतीत कोकणात जाणाऱ्या चाकरमान्याला हे वर्णन वाचून डोळ्यांत पाणी आलं तर त्यात नवल नाही. पूर्वी लोक सोल स्थानकाच्या फरशीवर चादर टाकून रात्र काढत आणि पहाटे खिडकीवरून तिकीट घेत. साथीच्या काळात, २०२० पासून, सगळा कारभार ऑनलाइन झाला. रांग तशीच राहिली, फक्त चादर गेली. सत्तरीच्या आजीने बटणं कशी दाबायची, हा प्रश्न पुढे आला तेव्हा ज्येष्ठांसाठी आणि अपंगांसाठी वेगळा दिवस ठेवला गेला. शेवटी काही घरांत हिशेब उलटा झाला: मुलांना गावाकडे जाणारी तिकिटं मिळेनात, म्हणून आई-वडीलच रिकाम्या गाडीने सोलला येऊ लागले. यालाही कोरियन भाषेत रीतसर शब्द आहे, ‘उलटं घरी जाणं’.

मोटारीने जायचं तर सोल ते बुसान सुमारे ४०० किलोमीटर. हा महामार्ग १९७० मध्ये झाला. एरवी पाच तासांच्या आत माणूस पोचतो. सणाच्या दिवशी आठ ते दहा तास धरून चालायचं. सरकार २०१७ पासून छुसॉकला टोल माफ करतं, त्यामुळे निदान हलत नसल्याचे पैसे पडत नाहीत. बससाठी राखलेल्या मार्गिकेत नऊ आसनी गाडीला मुभा आहे, पण आत किमान सहा माणसं हवीत. एरवी दूरच्या वाटणाऱ्या मावसभावाला त्या दिवशी अचानक जवळचं स्थान मिळतं ते यामुळे. आणि मग विसाव्याची ठिकाणं: छॉनानच्या अक्रोडाच्या छोट्या केकची गरम पुडी, भाजलेले लहान बटाटे, भाताच्या वड्या आणि सॉसेज एकाआड एक ओवलेली काडी. अनेकांना त्या संपूर्ण सणातला सर्वांत शांत क्षण तिथेच लाभतो, स्वच्छतागृहाच्या रांगेत.

घरी पोचल्यावर सण सुरू होतो, म्हणजे थोरल्या सुनेचा घाम सुरू होतो. पितरांसाठी जो नैवेद्य मांडतात त्याला ‘छारये’ म्हणतात: सोंगप्यॉन, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या अर्धचंद्राकृती करंज्या, आत तीळ किंवा शेंगांचं सारण, पाइनच्या सुयांवर वाफवलेल्या; शिवाय भाज्या, भाजलेलं मांस, फळं, दारू, आणि पिठात बुडवून तळलेल्या चकत्यांची चळत. पितर नवऱ्याचे, तळण बायकोचं. या श्रमातून येणाऱ्या पाठदुखीला, डोकेदुखीला आणि चिडचिडीला कोरियन लोकांनी ‘सणाचा आजार’ असं नाव देऊन टाकलं आहे. त्यावर औषध म्हणून एकदा बाजारात चक्क खोटं प्लॅस्टर आलं. हातावर चढवायचं, चेहरा पाडायचा, सासूबाईंना लांबून नमस्कार करायचा.

२०२२ च्या सप्टेंबरात मात्र खुद्द धर्मपीठच सुनेच्या मदतीला धावलं. सोंगग्युनग्वान ही कन्फ्यूशियन परंपरेची सर्वोच्च मानली जाणारी संस्था. तिच्या समितीने जाहीर केलं, की तळलेले पदार्थ मांडायची गरज नाही, नऊएक पदार्थ पुरेत आणि तांबडी फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला हा दंडक जुन्या ग्रंथांत सापडतच नाही. पिढ्यान्‌पिढ्या तेलात उभ्या राहिलेल्या बायकांनी ही बातमी वाचून काय म्हटलं असेल, ते छापण्याजोगं नसावं.

किम दॅरीला तळायला लागत नाही. त्याला प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. लग्न कधी? मूल कधी? पगार किती? त्यावर तरुणांनी ‘टोमण्यांचं दरपत्रक’ काढलं आहे: प्रश्न विचारायचा तर आधी पैसे ठेवा, नोकरीचा प्रश्न स्वस्त, लग्नाचा महाग, मुलाचा त्याहून महाग. सोल राष्ट्रीय विद्यापीठातले प्राध्यापक किम यंग-मिन यांनी २०१८ मध्ये वृत्तपत्रातल्या एका लेखात निराळा उपाय सुचवला. चुलतकाकांनी नोकरीचं विचारलं, की आपण गंभीरपणे उलट विचारायचं: चुलतकाका म्हणजे काय? कुटुंब म्हणजे काय? तो लेख देशभर वाचला गेला. सदर लिहिणाऱ्याच्या आयुष्यात असा योग फार क्वचित येतो, त्यामुळे इथे हेवा नोंदवून पुढे गेलेलं बरं.

पळावं तर पाप, थांबावं तर ताप, या पेचातून काही घराण्यांनी सुंदर वाट काढली: पितरांनाच सोबत न्यायचं. समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये खोली घ्यायची, तयार नैवेद्याची पेटी मागवायची, सकाळी खोलीतल्या टेबलावर मांडून वाकून नमस्कार करायचा आणि दहा वाजता पोहायला जायचं. पितरांना खोली क्रमांक कसा कळतो, याबद्दल सोंगग्युनग्वानने मौन पाळलेलं दिसतं. सण संपला की कचेरीतून मिळालेली स्पॅमच्या डब्यांची भेटपेटी जुन्या वस्तूंच्या ॲपवर विकून विमानभाड्यातला खड्डा थोडा बुजवता येतो. डबाबंद मांसाला सणाची भेट म्हणून एवढा मान दुसऱ्या कुठल्या देशात मिळत नसेल.

या सगळ्या धावपळीत एक गर्दी अशीही असते जिला तिकीट काढायचंच नसतं. पाजू शहरात, उत्तर कोरियाच्या सीमेच्या अलीकडे, इमजिनगाक नावाची जागा आहे. फाळणीत ज्यांचं गाव उत्तरेत राहिलं ती म्हातारी माणसं सणाच्या दिवशी तिथल्या ‘मांगबॅदान’ या वेदीपाशी येतात आणि उत्तरेकडे तोंड करून नमस्कार करतात. गाव तिथून फार लांब नसतं. दरवर्षी त्या ओळीत डोकी कमी दिसतात.

आणि २०२० मध्ये, साथ ऐन भरात असताना, सरकारने लोकांना घरी जाऊ नका म्हणून विनवलं, टोलमाफी काढून घेतली, गाड्यांमध्ये फक्त खिडकीजवळच्या जागा विकल्या. गावोगाव फलक लागले. एकावर लिहिलं होतं, अवज्ञाकारी मुलंच घरी येतात. हजार वर्षांची शिकवण एका कापडी फलकाने उलटी केली. किम दॅरीने आयुष्यात पहिल्यांदा आज्ञाधारक मुलगा म्हणून सोलमध्ये चार दिवस झोप काढली.

अशीच दहा दिवसांची माळ २०४४ मध्येही मिळणार. पंचांग पाहणाऱ्याला यात काही जादू वाटणार नाही. चंद्र आणि सूर्याचा हिशेब १९ वर्षांनी जवळपास जुळतो. त्या वर्षी छुसॉक ५ ऑक्टोबरला, बुधवारी. सोमवारी राष्ट्रस्थापना दिन. हंगुल दिन रविवारी, म्हणून सोमवारी बदली सुट्टी. पाण्यात उरतो फक्त एक शुक्रवार. २०२५ मध्ये जो ४१ वर्षांचा होता तो तेव्हा साठीचा, म्हणजे कायद्याने ठरलेल्या निवृत्तीच्या वयाचा झालेला असेल आणि त्याला रजेचा अर्ज लागणार नाही.

तोवर २०२६ आहे. सण २५ सप्टेंबरला, शुक्रवारी. गुरुवार ते रविवार, चारच दिवस. तिसरी सुट्टी शनिवारी पडून बुडते, कारण छुसॉकच्या बाबतीत बदली सुट्टी रविवारसाठी मिळते, शनिवारसाठी नाही. मात्र आधीच्या सोमवार, मंगळवार, बुधवारी तीन रजा टाकल्या तर आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस जुळतात. किम दॅरीने हा हिशेब जानेवारीतच मांडला, अर्ज लिहिला आणि कचेरीच्या संगणकावर रजांचा तक्ता उघडला. २१, २२ आणि २३ सप्टेंबर या तीन चौकोनांत बुजांगांचं नाव होतं, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: गावाकडे पितरांच्या थडग्यांवरचं गवत कापणे.