घट

काचीगुड्यातल्या आमच्या गल्लीत डिसेंबरची पहाट १५ अंशांवर आली की अप्पांच्या डोक्यावर कानटोपी चढते, ती होळीपर्यंत उतरत नाही. नवखा माणूस हसतो. अप्पांची ३४ वर्षं बर्फाच्या कारखान्यात गेली असं त्याला सांगितलं की आणखी हसतो. अप्पांचं उत्तर ठरलेलं : “थंडी लादीला पाहिजे. माणसाला कायको?”

अप्पांची बोली हैदराबादी मराठी. निम्मं वाक्य वडिलांच्या नांदेडचं, निम्मं मोअज्जमजाही मार्केटातल्या हमालांचं. कारखान्यात ते माल रवाना करायचे. अमोनियाच्या यंत्रानं गार केलेल्या मिठाच्या पाण्यात डबे बुडतात, दीड-दोन दिवसांनी दीडेकशे किलोची लादी बाहेर येते. तिला भुसा लावायचा, गोणपाटात गुंडाळायची आणि मे महिन्याच्या ४२ अंशांतून आइस्क्रीमवाल्यांकडे, मासळीवाल्यांकडे, लग्नाच्या मांडवात पोचवायची. वाटेत जे पाणी होऊन सांडतं, ती घट. अप्पांच्या वहीत शेवटचा रकाना घटीचा असायचा. निवृत्तीच्या दिवशी वही कारखान्यात राहिली, रकाना मात्र अप्पांबरोबर घरी आला.

मुंजीच्या २०० पत्रिका वाटल्या? “वीस टक्के घट धरा, पानं १६० मांडा.” टक्कल पडलं? “घट जरा जास्त झाली.” शेजारचे वकीलसाहेब वारले तेव्हा भेटायला गेलेले अप्पा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मोठी घट झाली हो.” घरच्यांना वाटलं, किती मोजक्या शब्दांत बोलतो हा माणूस!

अप्पांचा मुलगा इंग्लंडात. त्यानं एका फेब्रुवारीत आईवडलांना साउदॅम्प्टनहून नॉर्वेच्या किनाऱ्यानं उत्तरेला जाणाऱ्या क्रूझवर न्यायचं ठरवलं. काकूंना आकाशातले हिरवे उजेड बघायचे होते. अप्पांचं बोट माहितीपत्रकातल्या एकाच ओळीवर थांबलं : आल्ता गाव, बर्फाचं हॉटेल. “बर्फाचं की बर्फातलं?” एवढं विचारायला इंग्लंडला तीन फोन झाले. बर्फाचंच, अशी खात्री झाल्यावर सामान भरलं : कानटोप्या तीन, मफलर दोन, आणि हातातल्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला बर्फ फोडायचा टोचा. टोचा विमानतळावरच जमा झाला. प्रवासातली पहिली घट.

आल्ता ७० अक्षांशावर, म्हणजे उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर. तिथल्या नदीकाठी दर हिवाळ्यात हे हॉटेल नव्यानं उभं राहतं. भिंती, पलंग, प्रार्थनाघर, बारमधले पेले, सगळं बर्फाचं. आत उणे ४ ते उणे ७ अंश. पलंगावर रेनडिअरची कातडी. संडास मात्र शेजारच्या उबदार इमारतीत. ही एकच गोष्ट काकूंना शहाणपणाची वाटली. “३४ वर्षं ह्यांच्या कपड्यांचा अमोनियाचा वास काढला,” त्या पलंगाकडे बघत म्हणाल्या, “आणि आता पैसे भरून बर्फावरच निजायचं?”

बाकीचे प्रवासी फोटो काढत होते. अप्पा बोटाच्या पेरानं भिंती वाजवत होते, टरबूज पारखतात तशा. “ही लादी नाही. दाबलेला भुगा आहे. असली लादी फक्त पुतळ्यांत.” मुलानं भाषांतर केलं. वाट दाखवणाऱ्या मुलीनं, बरोबर आहे, म्हणून मान डोलावली आणि तिथंच चुकली. पुढची वीस मिनिटं तिला अप्पांनी बर्फ शिकवला. लादी बाहेरून आत गोठत जाते, हवा आणि क्षार मधे ढकलले जातात, म्हणून पोटात पांढरी रेघ येते. पाणी हलतं ठेवलं तर काचेसारखी निघते. मुलगी म्हणाली, स्वीडनच्या युक्कासयार्वीतलं जुनं बर्फहॉटेल म्हणूनच वाहत्या तोर्ने नदीचा बर्फ वापरतं. अप्पा खूश. “म्हणजे ढवळायचं काम नदीलाच लावलं. मोटरचं बिल वाचलं ना!”

मग १८३३ सालचं जहाज निघालं. बोस्टनहून कलकत्त्याला भुश्यात गुंडाळून १८० टन बर्फ आला, चार महिने, विषुववृत्त दोनदा ओलांडून. पोचला सुमारे १०० टन. “घट किती?” अप्पांनी विचारलं. त्या मुलीला खरोखरच ८० म्हणावं लागलं, त्याशिवाय पुढच्या खोलीत जायला मिळेना.

बारमध्ये बर्फाच्या पेल्यातून फळाचा रस मिळाला. लोकांनी रस पिऊन पेले ठेवून दिले. अप्पांनी आपला पेला रुमालात बांधला, वर मफलर गुंडाळला. हाताची सवय.

निघताना त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, “उन्हाळ्यात ह्याला झाकता कशानं?”

“झाकत नाही. वितळतं, नदीत जातं. थंडी आली की पुन्हा बांधतो.”

“सगळं?”

“सगळं.”

अप्पांनी कानटोपी काढली. फेब्रुवारीत त्यांचे कान काकूंनी लग्नानंतर प्रथमच पाहिले. जहाजावर येईपर्यंत ते बोलले नाहीत. केबिनमध्ये मफलर सोडला तेव्हा पेल्याच्या जागी ओला रुमाल होता. त्यांनी तो पिळला, वाळत घातला, आणि “शंभर टक्के” एवढंच म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता.

इथून पुढं अप्पांनी घट मोजणं सोडलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण एप्रिलच्या अखेरीस, भर दुपारी, समोरच्या गॅलरीतून हाक आली, “आतापर्यंत गेलं असेल नदीत! हिशेब बरोबर!” आणि मागोमाग निरोप : पाहुणे आलेत, सरबताला बर्फ पाठवा. मी मुलाच्या हाती वाटीत सहा खडे दिले. गल्ली ओलांडून पाच पोचले.

सहाव्याचा जबाब अप्पांनी माझ्याकडे अजून मागून ठेवलेला आहे.