अपडाऊनवाल्यांचं गाव

परतूरला गाडीतून उतरल्यावर ‘कुठं जायचंय’ असं कुणी विचारत नाही. ‘कुणाकडं आलात’ असं विचारतात. या प्रश्नाच्या उत्तराला एक जिवंत माणूस लागतो. माझ्याकडे नुसता प्लॉट नंबर होता.

पुण्याच्या मेहुण्याच्या डोक्यात परतूरच्या एमआयडीसीत प्लॉट घ्यायचं आलं होतं. “तुम्ही मराठवाड्यातलेच, जरा बघून या,” म्हणाला. सगळा मराठवाडा एकाच वाड्यात राहतो, असा पुणेकरांचा समज आहे. एमआयडीसीचा प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळतो. मेहुणा साठीला आलाय. म्हणजे मुदत संपेल तेव्हा तो दीडशेच्या पुढं असणार, आणि मुदत वाढवून आणायलाही मलाच धाडणार.

“एमआयडीसीत कुणाकडं?” रिक्षावाल्यानं विचारलं.

“कुणाकडं नाही. नुसतं बघायचंय.”

“बघायला काय हाय तिथं?” त्यानं मला खालून वर न्याहाळलं, शेजारच्या रिक्षावाल्याशी मसलत केली आणि भाडं सांगितलं ते परतीचंही धरून. तिकडून रिकामं यावं लागतं म्हणे.

स्टेशनबाहेर हीऽ गर्दी. निजामाच्या काळात, १९००च्या सुमाराला हैदराबादहून मनमाडला लोहमार्ग आला आणि परतूरला अपडाऊनची सोय झाली. गुरुजी, बँकेतले क्लार्क, कचेरीतले भाऊसाहेब. सकाळी येणार, संध्याकाळी जाणार. मुख्यालयी राहायचा नियम कागदावर मुक्कामाला असतो. खुद्द तालुक्यानंही एकदा जागा न सोडता प्रवास केलाय. आधी तो परभणी जिल्ह्यात होता, १ मे १९८१ला जालना जिल्हा झाला तेव्हा जालन्यात गेला.

एमआयडीसीत शिरलो आणि दचकलोच. रस्ता सरळ! आपल्याकडे रस्ता असा सरळ गेला की पुढं काहीतरी गडबड आहे असं वाटतं. कोपऱ्याकोपऱ्यावर नंबरांच्या पाट्या, विजेचे खांब, गटारं. गावाला लागतं ते सगळं होतं, गाव तेवढं नव्हतं. पार नाही, देऊळ नाही, वाढदिवसाचा एकही फ्लेक्स नाही. शुभेच्छुक आणायचे कुठून? मुदतीत बांधकाम केलं नाही तर प्लॉट परत घ्यायची तरतूद असते, म्हणून कुणीकुणी चार भिंती आणि एक फाटक उभं करून ठेवलेलं. आत कमरेएवढं गवत. उत्पादन म्हणाल तर शेळ्यांचं जोरात चाललं होतं.

मेहुण्याचा प्लॉट सापडेना. विचारणार कुणाला? गावात चुकलं तर दहा जण दहा दिशांना पाठवतात, पण पाठवतात तरी. इथं नीट चुकायचीसुद्धा सोय नव्हती.

शेवटी एका जिनिंगच्या फाटकाशी माणूस दिसला. खाकी शर्ट, खाली लुंगी. त्यानं नाव विचारायच्या आधी काडेपेटी मागितली. जिनिंगला आगीची धास्ती. ठिणगीला ओळखदेख लागत नाही. हंगाम उतरणीला लागला होता. कुंपणाच्या तारेवर, बाभळीच्या काट्यांवर, फाटकावरच्या या मामांच्या भुवयांवर रुईचे पुंजके चिकटलेले. आत एका टेम्पोतला कापूस उतरत होता. व्यापाऱ्यानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला, खालचा कापूस उपसला, मुठीत दाबला आणि “ओला हाय” म्हणाला. शेतकरी आभाळाकडं बघत राहिला. क्विंटलभर कापसातून रुई निघते तेहेतीस-चौतीस किलो, बाकी बहुतेक सरकी. आणि १७० किलोची एक गाठ. हा सगळा हिशेब मामांनी मला न विचारता सांगितला. बोलायला माणूस मिळाला होता.

“मामा, इथं राहतं कोण?”

“रात्रीचं? मी. अन् कुत्री.”

मला अमेरिकेतल्या व्हर्ननची आठवण झाली. लॉस एंजेलिसला चिकटून असलेलं हे शहर १९०५ साली वसवलं ते कारखान्यांसाठीच. २०१०च्या जनगणनेत तिथं माणसं भरली ११२! कामाला हजारो येतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी जातात.

“एकशेबारात निवडणूक लागती?” मामांनी मुद्द्यालाच हात घातला.

लागते की. २००६ साली बाहेरची काही मंडळी तिथं राहायला गेली आणि त्यांतले तिघे निवडणुकीला उभे राहिले. नगरपालिकेनं त्यांच्या इमारतीची वीज तोडली.

“आमची तर रोज जाती. कुनी उभं न राह्यता.”

मग मी नगराध्यक्षांचं सांगितलं. लिओनिस माल्बर्ग, गाव वसवणाऱ्याचा नातू. तीसहून जास्त वर्षं खुर्चीवर. राहायचा मात्र लॉस एंजेलिसच्या उच्चभ्रू वस्तीत आणि मत द्यायचा व्हर्ननमध्ये. २००९ साली कोर्टानं दोषी धरला.

मामांनी भुवईवरची रुई झटकली. “म्हंजे अध्यक्षबी अपडाऊनच करायचा?”

“हो.”

“अन् त्याला कोर्टानं धरलं?”

“धरलं.”

“आपल्याकडं असा कायदा आणू नका सायेब. सकाळच्या गाडीचा आख्खा डबा आत जाईल.”

मेहुण्याचा प्लॉट मामांच्या पाठीमागचाच निघाला. तिथं त्यांनी तूर लावली होती. प्लॉट कसा आहे ते तरी मला कळलं: जमीन चांगली आहे, तूर उत्तम येते.

“निघा आता,” मामा काडेपेटी परत देत म्हणाले, “गाडी हुकंल. तुमीबी अपडाऊनवालेच ना.”