पाटी त्यांची, शटर आपलं

कराडात निवृत्तीचा पैसा हाती आला, की दत्त चौकापर्यंत पोचायच्या आत कुणीतरी फ्रँचायझी सुचवतंच. फी भरा, फर्निचर त्यांच्याच माणसाकडून घ्या, दरमहा रॉयल्टी द्या, वर 18 टक्के जीएसटी. तोट्यात मात्र कंपनी वाटा मागत नाही, एवढा तिचा मोठेपणा! अमेरिकेत कंपनीला सहीच्या किमान 14 दिवस आधी आपली सगळी कुंडली लेखी द्यावी लागते. आपल्याकडे वेगळा कायदाच नाही, 1872 चा करार कायदा पुरे. सोयरीक जुळवताना मुलाच्या आत्याच्या नणंदेपर्यंत चौकशी करणारे काका इथं रंगीत माहितीपत्रकावर भाळतात. हीच पाटी उद्या शेजारच्या मलकापुरात लागली तर काय, हे कलम शोधतच नाहीत. विचारतात एवढंच : उद्घाटनाला आमदार आपण आणायचा, की कंपनी पाठवते?