हिशोब रक्तातच!

सोसायटीच्या सभेत खजिनदार कोण, हा विषय निघाला आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कुलकर्णी. हिशोब रक्तातच!" त्याच न्यायाने अध्यक्षपद दुसऱ्या मजल्यावरच्या पाटलांकडे गेलं होतं. आमचे पाटील पार्किंगमधल्या मांजरालाही 'अहो, सरका' म्हणतात.

माझ्या रक्तात काय आहे, ते दहावीच्या गुणपत्रिकेत आहे. गणितात छत्तीस. उत्तरपत्रिकेवर आडनाव नसतं, नुसता बैठक क्रमांक असतो, त्याचा हा परिणाम.

कधीकाळी आमच्या कुणा पूर्वजाने गावचं दप्तर चोख ठेवलं असेल. त्या कामाचं वतन झालं, वतनाचं आडनाव. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्येच कुलकर्णी वतनं काढून तलाठी नेमले. मुंबई राज्यात त्यासाठी १९५० चा कायदा यावा लागला. दप्तर गेलं, आडनाव दारावरच्या पाटीवर राहिलं.

नाना फडणवीस मूळचे भानू. १७५६ मध्ये वडील गेले आणि चौदाव्या वर्षी फडणिशी त्यांच्याकडे वारशानेच आली. पुढे मात्र त्यांनी कारभारच असा केला, की आज नुसतं 'नाना भानू' म्हटलं तर समोरचा पत्ता विचारील. माझ्याकडे वारसा तेवढा आला. कर्तबगारी वाटेत कुठल्या पिढीपाशी उतरली, कोण जाणे.

अर्थात, आडनावावर हसणं मला परवडतं. आमच्या घराण्यात जन्माने लेखणी आली. गावकुसाबाहेर जन्मलेल्याला वतनाच्याच नावाखाली रात्री-अपरात्री राबवून घेतलं जाई. महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. ती वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला. 'रक्तातच आहे' हे वाक्य तिथे कौतुकाचं नव्हतं.

तर, वर्षअखेर सदतीस रुपये कमी भरले. मी तीन रात्री बेरजा केल्या. चौथ्या दिवशी रखवालदाराच्या, बारावी कॉमर्सला असलेल्या मुलीने वही चाळली. "काका, खराट्याची पावती चिकटवलीत, पण खर्चात धरलीच नाही." पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत तिला.

सभासदांना विनंती, की पुढच्या सभेत खजिनदार निवडताना चिठ्ठ्यांवर आडनावं लिहू नयेत. फ्लॅट नंबर पुरे.