एक तप आठवीत

कनेटिकट राज्यातल्या स्टोनीब्रुक गावच्या शाळेवर खरं तर चौकशी बसायला हवी होती. क्रिस्टी थॉमस आणि तिच्या मैत्रिणी 1988च्या सुमाराला आठवीत गेल्या आणि 2000 साल उजाडलं तरी आठवीतच होत्या. एक तप! मधल्या काळात उन्हाळ्याच्या सुट्ट्या किती झाल्या, नाताळ किती झाले, एकीच्या आईचं दुसरीच्या बाबांशी लग्नसुद्धा लागलं. पण नववीचं नाव नाही. स्पेलिंगच्या नावानं बोंब असलेल्या क्लॉडियाला तर शाळेनं एकदा परत सातवीत धाडलं. म्हणजे मागे जाता येत होतं, पुढे नव्हतं.

गाव काल्पनिक आहे म्हणून शाळा वाचली. पैसे घेऊन शेजारपाजारची मुलं सांभाळणाऱ्या या मुलींची ‘द बेबी-सिटर्स क्लब’ ही अॅन एम. मार्टिन यांची मालिका 1986मध्ये सुरू झाली, तेव्हा चार पुस्तकं काढायची आणि थांबायचं असा बेत होता. मूळ कल्पनाही मार्टिनबाईंची नाही. बेबीसिटिंगवरचं एक पुस्तक बरं खपतंय हे स्कोलॅस्टिकच्या जीन फायवेल या संपादिकेच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती पुढे केली. मुख्य मालिकेची 131 पुस्तकं झाली. शिवाय रहस्यकथा वेगळ्या, सुट्टी विशेषांक वेगळे, क्रिस्टीच्या सावत्र बहिणीची आणखी शंभरावर पुस्तकं वेगळी. 17 कोटींहून जास्त प्रती खपल्या. त्यातल्या काही फिरत फिरत ठाण्याच्या आमच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत आल्या आणि तिथून माझ्या दप्तरात.

आमच्या घरचा वाचनाचा नियम साधा होता. हातात मराठी गोष्टीचं पुस्तक दिसलं की, ‘अभ्यास झाला का?’ इंग्रजी दिसलं की, ‘टीव्ही बारीक करा रे, ती वाचतेय.’ बिचारी क्लॉडिया नॅन्सी ड्र्यूची पुस्तकं आईवडिलांपासून लपवून ठेवायची, कारण त्यांच्या मते ते हलकं वाचन. मी क्लॉडियाची पुस्तकं बाहेरच्या खोलीत, पाहुण्यांसमोर, कव्हर दिसेल असं धरून वाचत असे.

परवा लेकीच्या हातात या मालिकेचीच चित्ररूप आवृत्ती दिसली. रैना टेल्गमायर यांनी 2006पासून काढलेली, नंतर रंगीत झालेली. मीही मग जुन्या प्रती मागवल्या आणि रात्री सगळं आवरून वाचायला बसले.

पहिला धक्का दुसऱ्या प्रकरणाचा. जवळजवळ प्रत्येक पुस्तकात दुसऱ्या प्रकरणात सगळ्या मुलींची ओळख पुन्हा पहिल्यापासून. क्रिस्टी अध्यक्ष, डोक्यावर टोपी, तोंडाचा पट्टा चालू. मेरी अॅन सचिव, लाजाळू. स्टेसी खजिनदार, न्यूयॉर्कची, फॅशनेबल. लहानपणी याचं काही वाटलं नाही, कारण लायब्ररीत तेविसावं पुस्तक आधी मिळे आणि चौथं परीक्षेनंतर. क्लॉडियाच्या कपड्यांचं वर्णन मात्र मी तेव्हा पाठांतर असल्यासारखं वाचायचे. एका कानात एक डूल, दुसऱ्यात दुसराच, तोही घरी केलेला. आज वाचताना वाटतं, रोज तीच जीन्स, तेच बूट आणि तोच उंच गळ्याचा स्वेटर घालून निघणारी क्रिस्टीच काय ती शहाणी. हिला सकाळी कपाटासमोर उभं राहावं लागत नाही.

दुसरा धक्का क्लबच्या मीटिंगचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेपाच ते सहा, क्लॉडियाच्या खोलीत. साडेपाचला सुरू, सहाला बंद. वर्गणी सोमवारी, कुरकुर करत का होईना, पण सगळ्यांकडून. त्यातून क्लॉडियाच्या फोनचं बिल आणि क्रिस्टीला गाडीनं सोडणाऱ्या भावाचे पैसे. प्रत्येक कामाचा अहवाल वहीत लिहायचा आणि बाकीच्यांनी तो वाचायचाच. मी एका सोसायटीत राहते. आमच्याकडे कोरमअभावी अर्धा तास तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, पार्किंगवर येते आणि तिथेच आटोपते. क्रिस्टी थॉमसला आमचं सचिवपद द्यायला मी आनंदानं अनुमोदन देईन. वय कमी पडेल म्हणावं, तर तेराव्या वर्षाचा अनुभव तिला बारा वर्षांचा आहे.

आणि तो फोन! क्लॉडियाच्या खोलीत तिचा स्वतःचा फोन होता, स्वतःच्या नंबराचा. आमच्या मजल्यावर एका घरात फोन होता, बाकीच्यांनी तोच नंबर पी. पी. म्हणून द्यायचा. सिंगापूरहून कुणाच्या मामाचा फोन आला की अख्खा मजला तब्येत विचारायला जमायचा. मला त्या मुलींच्या साहसांचा हेवा वाटला नाही. साहसं फास्टर फेणेही करत होता आणि तो तर पुण्यातच राहायचा. हेवा होता तो यांना कामाचे पैसे मिळतात याचा. त्याहून जास्त याचा, की मोठी माणसं आधी फोन करून वेळ विचारतात.

‘आई, तुला आठवीत असताना कोणी बाळ सांभाळायला दिलं असतं?’ लेकीनं विचारलं.

‘दिलं असतं म्हणजे? मजल्यावरच्या सगळ्यांनी दिलं होतं. फुकट.’

‘पाच मिनिटांत आले हं भाजी घेऊन,’ असं म्हणून काकू आपला धाकटा आमच्या दारात ठेवून जायच्या आणि दीड तासानं गजरा माळून परत यायच्या. क्लबची दोन-चार पुस्तकं वाचून धीट झाल्यावर मी त्यांना एकदा दारातच अडवलं.

‘काकू, तासाला दोन रुपये.’

‘कसले गं?’

‘याला सांभाळायचे.’

काकूंनी पिशवी खाली ठेवली. ‘बरं. आणि काल तू आमच्याकडे जेवलीस त्याचे?’

हिशेब केला तर मीच देणं लागत होते. पोळ्यांमध्ये.

मेरी अॅननं आजारी जेनीला सांभाळल्याचा प्रसंग तेव्हा मला फार थोर वाटला होता. पोरीला 104 ताप, आईवडील बाहेर, मोठं माणूस कुणी सापडत नाही, शेवटी ही आणि तिची मैत्रीण डॉन 911 फिरवून अॅम्ब्युलन्स बोलावतात. परवा वाचलं तेव्हा मी उठून लेकीच्या कपाळाला हात लावून आले. आमच्या मजल्यावर असा ताप चढला असता तर अॅम्ब्युलन्सला जिना चढायला जागा मिळाली नसती, इतक्या काकवा मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या घेऊन आल्या असत्या.

स्टेसी मात्र तेव्हापेक्षा आता मोठी वाटते. तिला टाइप-1 मधुमेह. रोज इन्सुलिनची इंजेक्शनं. आमच्या लेखी डायबेटिस हा आजोबांचा आजार होता आणि ‘एका पेढ्यानं काय होतंय’ हे त्यावरचं औषध. ही तेरा वर्षांची मुलगी आठवड्यातून तीनदा अशा खोलीत बसते, जिथे उशीखाली, पलंगाखाली, ड्रॉवरमध्ये, हात घालाल तिथे चॉकलेटं निघतात. बाकीच्या तोंडात बोकाणे भरताहेत आणि ही शांतपणे बिस्किटासारखं काहीतरी खारट चघळत जमाखर्च मांडतेय. आमच्या घराण्यात सत्तरी ओलांडलेल्यांनाही हे जमलेलं नाही.

पहिल्या तीसेक पुस्तकांनंतरची बरीचशी दुसऱ्यांकडून लिहून घेतली होती, हेही मला मोठेपणी कळलं. पीटर लेरांजिस या गृहस्थांनी त्यातली कितीतरी लिहिली. म्हणजे मी ज्या मुलींच्या मनातलं गुपित म्हणून पांघरुणात वाचत होते, ते एक बाप्या टाइप करत होता. राग आला नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, तेव्हा त्यांना तरी आठवडाभर कुणी विश्रांती द्यायला हवी होती.

सध्या माझी नायिका बदलली आहे. क्लबातली कुणीच नाही, ती मिसेस पाइक. क्लबातल्या मॅलरीची आई. आठ मुलं, त्यातली तीन तिळी. जेवायला काय हवं ते ज्यानं त्यानं खावं, फार नियम नाहीत, भाजीवरून रडारड नाही. क्लबला एक फोन लावते, दोन-दोन मुली बोलावते आणि बाहेर पडते. समुद्रकिनारी सुट्टीला जायचं तरी दोन मुली सोबत घेऊन जाते. लहानपणी ती मला दिसलीच नव्हती. दार उघडायची, सूचना द्यायची आणि पानातून निघून जायची.

ती जाते कुठे, हे पुस्तकांत असतं थोडंफार. मीटिंग वगैरे. माझा विश्वास नाही. आठ मुलांची आई गाडी काढते, कोपऱ्यावर वळवते, काचा वर करते आणि क्लॉडियाच्या खोलीत जे जे लपवलेलं असतं ते ते एकटीनं, कुणालाही न देता, खाते.