बडबड ४८ तास, गप्पा शून्य

वहिनी, पापड तिकडे कठड्यापाशी नका घालू, माकडं येतात. इकडे टाकीच्या आडोशाला घाला. आणि ती तार? अहो नको नको, ती कपडे वाळत घालायची तार नाही! तिच्यावर चादर पडली तर हे खालून धावत वर येतील. ती ह्यांची अँटेना.

गल्लीत काय बोलतात ते माहितीये मला. समोरच्या कोठीतल्या आंटी म्हणतात, आम्ही मोबाइलवाल्यांना गच्ची भाड्याने दिलीय. कोपऱ्यावरच्या अंकलना वाटतं, हे रिटायर झालेच नाहीत, कुठल्यातरी ‘एजन्सी’त आहेत. मी मुद्दामच खुलासा करत नाही. दिल्लीकडे असा संशय असलेला बरा, लोक पार्किंगवरून भांडायला येत नाहीत. पण तुम्ही पडलात आपल्या जालन्याच्या, तुम्हाला सांगते. हॅम रेडिओ तो, म्हणजे हौसेने जगभर बिनतारी बोलायचं. रीतसर सरकारी परवाना आहे, चौकटीत घालून भिंतीवर लावलाय, आमच्या लग्नाच्या फोटोच्या वर. अशोक रोडला संचार भवन आहे ना, तिथला वायरलेस विभाग देतो. परीक्षा असते, बारा वर्षांचं पोरसुद्धा बसू शकतं. साधा परवाना म्हणजे रिस्ट्रिक्टेड, त्यावर लघुलहरींवर ५० वॉट. मोर्स जमलं की जनरल, मग ४०० वॉटपर्यंत मुभा. ह्यांनी मोर्सचा सराव जेवताना ताटावर चमच्याने केला. सासूबाईंना वाटायचं मुलगा आमटी मागतोय, त्या वाढत राहायच्या. परवाना मिळाला, वजनही वाढलं.

आणि सरकारचे कान असतात बरं का हवेत. गुडगावला जाताना पिवळ्या लाइनवर घिटोरणी लागतं ना, तिथे एक निगराणी केंद्र आहे. उपग्रहांच्या लहरींवर लक्ष ठेवणारं तर तुमच्या जालन्यालाच! माहीत नव्हतं? बघा, माहेरची बातमी तुम्हाला नोएडात मिळाली.

हे खूळ फक्त आमच्याच घरात आहे असं समजू नका. राजीव गांधी हॅम होते. त्यांचं परवान्यावरचं नाव व्हीयू टू आरजी, म्हणजे हवेत म्हणायचं ‘व्हिक्टर युनिफॉर्म टू रोमियो गोल्फ’. सोनियाबाईंकडेही परवाना, व्हीयू टू एसओएन. ह्यांनी मलाही परीक्षेला बसवायचा घाट घातला तेव्हा हाच दाखला दिला होता. मी म्हटलं, बसते, आधी तुम्ही पंतप्रधान व्हा.

खरं नाटक असतं ऑक्टोबरात, बघालच तुम्ही. महिन्याचा शेवटचा पूर्ण शनिवार-रविवार, ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ नावाची स्पर्धा. १९४८पासून चाललीय. सलग ४८ तास. ग्रीनिचच्या घड्याळावर चालते, म्हणून आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला नारळ फुटतो आणि सोमवारी पहाटे साडेपाचला सुटका. ऐन दिवाळीच्या तोंडावर! २०१६ला आणि पुन्हा २०१९ला लक्ष्मीपूजन नेमकं त्याच रविवारी आलं. पहिल्या वेळी हे पूजेला बसले ते एका कानाला हेडफोन लावूनच. दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले, लक्ष्मीचा पाटच रेडिओच्या खोलीत मांडला. तर म्हणतात, आरती हळू म्हण, गाणंबिणं हवेत गेलेलं परवान्यात बसत नाही!

बरं, ४८ तास बोलतात तरी काय, असं तुम्ही विचारणार. मीही दाराला कान लावून ऐकलंय. ‘फाइव्ह नाइन, ट्वेंटी टू.’ बस्स. पलीकडचा त्याचे आकडे सांगतो, ‘थँक्यू’, की पुढचा. फाइव्ह नाइन म्हणजे तुमचा आवाज खणखणीत येतोय, आणि ट्वेंटी टू हा आपला विभाग. ह्या लोकांनी पृथ्वीचे ४० तुकडे केलेत, आपण २२व्यात. अंदमान आपलं असलं तरी २६व्यात टाकलंय. आता गंमत बघा. समोरच्याचं काहीएक ऐकू येत नसतं. हे चार-चारदा विचारतात, पुन्हा सांगा, पुन्हा सांगा, शेवटचं अक्षर काय? आणि सगळं कळलं की म्हणतात, फाइव्ह नाइन! सगळेच सगळ्यांना फाइव्ह नाइन देतात. इतकं सर्रास खोटं मी दिवाळीच्या फराळाच्या कौतुकातसुद्धा ऐकलं नाही.

हवापाणी नाही, मुलंबाळं नाहीत, गुडघेदुखी नाही. शेकडो माणसांशी बोलून हा माणूस खोलीबाहेर येतो आणि एकाचीही बातमी सांगता येत नाही! मी विचारते, तो ब्राझीलवाला कसा होता? म्हणतात, तीन गुणांचा होता.

हो, तसाच हिशोब आहे. दुसऱ्या खंडातला माणूस मिळाला तर ३ गुण, आशियातला पण दुसऱ्या देशातला असेल तर १, आणि आपल्या देशातला शून्य! पुण्याला ह्यांचे मामेभाऊ आहेत, तेही हॅम. एरवी तासन्‌तास गप्पा, पण त्या दोन दिवसांत ह्यांना मामेभाऊ दिसत नाही. फक्त एकेका बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यावर, एकदा हाक मारून घेतात, कारण सगळे विभाग आणि सगळे देश मोजून त्या बेरजेने गुणांना गुणायचं असतं, आणि त्या मोजणीत भारतही लागतो. काम झालं की ओळख संपली. वहिनी, नातेवाइकांची किंमत शून्य हे कागदावर छापलेली जगातली ही एकच जागा असेल.

आणि आवाज कायम ह्यांचाच असतो असंही नाही. ‘सीक्यू कॉन्टेस्ट, सीक्यू कॉन्टेस्ट’ ही आरोळी आधीच रेकॉर्ड करून ठेवतात, बटण दाबलं की कॉम्प्युटर ओरडतो. एकदा रात्री तीनला मी पाण्याला उठले. खोलीतून ह्यांचा आवाज, अगदी ठणठणीत. म्हटलं, काय तब्येत आहे ह्या वयात! आत डोकावले तर हे खुर्चीत घोरताहेत, आणि आवाज आपला जगाला बोलावतोय.

वयावरून आठवलं. जपानी लोकांची एक स्पर्धा आहे, ऑल एशियन. त्यात विभागाऐवजी स्वतःचं वय सांगायचं. जगभराला! पुरुष बिचारे मुकाट्याने सांगतात. ह्यांची पासष्टी झाली त्या वर्षी आवाज जरा बसलाच होता. बायकांना मात्र सूट, त्यांनी ‘झिरो झिरो’ म्हटलं तरी चालतं. जपान्यांना कळतं बाई. हे ऐकल्यावर पहिल्यांदा मला वाटलं, द्यावी का परीक्षा?

बायका आहेत हो ह्यात, आणि कशा! दिल्लीच्याच भारती प्रसाद, व्हीयू टू आरबीआय. तुम्ही नाव ऐकलं असेल, २००४च्या त्सुनामीच्या वेळी पेपरात आलं होतं. १९८७ला त्या अंदमानातून हॅम रेडिओवर आल्या होत्या, त्यानंतर तिथून हवेत जवळजवळ सामसूम. २००४च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळवून त्या टोळी घेऊन पोर्ट ब्लेअरला गेल्या. ती स्पर्धा नव्हती, पण गर्दी स्पर्धेपेक्षा वाईट. अंदमान म्हणजे ह्या लोकांना दुर्मिळ तिकीट, साऱ्या जगातले हॅम एकाच वेळी त्यांच्या नावाने ओरडत होते. पायलअप म्हणतात त्याला. शेदोनशे माणसं एकदम बोंबलतायत आणि त्यातून एकेकाचं नाव अचूक उचलायचं. आणि २६ डिसेंबरला सकाळी जमीन हलली, मग समुद्र आला. बाईंनी तो सगळा बाजार तिथल्या तिथे बंद केला आणि त्याच संचावरून मदतीचं काम सुरू केलं. कोण सुखरूप आहे, कुठे काय हवंय, इकडे देशात निरोप पोचवायचे. फोन लागत नव्हते ना. तेव्हा ह्यांच्या ‘फाइव्ह नाइन, ट्वेंटी टू’चा अर्थ मला जरा लागला. वायफळ शब्द एक नाही, नाव-आकडा एकदाच पण बरोबर, आणि लगेच पुढचा. घाबरलेल्या माणसाला हे आयत्या वेळी नाही जमायचं. ह्यांना अर्थात हे सांगितलं नाही, नाहीतर आणखी एक अँटेना आली असती.

आता तुम्हाला आतली गोष्ट सांगते, चहाटळपणा म्हणा हवं तर. स्पर्धेत गप्पा नाहीत, पण स्पर्धा संपल्यावर? आपल्या चार गल्ल्या मिळून एवढं चालत नाही! सोमवारी सकाळपासून फोन. अमक्याने शंभर वॉट सांगितले, पण त्याचा आवाज काही शंभराचा नव्हता. तमक्याने ‘कुणाची मदत नाही’ ह्या गटात नाव घातलं, पण दुर्मिळ स्टेशन इंटरनेटवर झळकलं की मिनिटभरात हा तिथे हजर! वास येतो का ह्याला? एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पण कुणाचा खोकला कसा, कोण हरल्यावर अँटेनाला दोष देतो, सगळं पाठ.

पण लबाडी पचत नाही हं. आपल्या भिशीत प्रत्येकीची वही दुसरीच्या वहीशी ताडून बघितली तर कशी पंचाईत होईल, तसं ते करतात. सगळ्यांनी आपापली नोंदवही पाच दिवसांत पाठवायची, आणि मग कॉम्प्युटर एकाची दुसऱ्याशी लावतो. तुम्ही लिहिलंत की मी अमक्याशी बोलले, आणि त्याच्या वहीत तुम्ही नाहीच? गुण गेले, वर दुप्पट दंड. एक अक्षर चुकीचं ऐकलंत, तरी तेच. मोठी लबाडी सापडली तेव्हा फुटबॉलसारखं पिवळं कार्ड, लाल कार्डही दाखवलंय आजवर. ज्यांना निव्वळ हाताचं कसब बघायचंय त्यांच्यासाठी वेगळी जागतिक लढत असते, दर चार वर्षांनी. दोघादोघांच्या जोड्या, सगळ्यांना सारखीच अँटेना, शंभरच वॉट, आणि प्रत्येक तंबूत एक पंच. २०२२ची कोविडमुळे लांबली, २०२३ला इटलीत बोलोन्याला झाली. हे तिचे निकाल वाचताना चहा थंड करतात. मी ठरवलंय, ह्यांच्या खोलीतही एक पंच बसवायचा. ‘पाच मिनिटांत येतो’ ह्या वाक्याला दुप्पट दंड.

सूर्याचंही ह्यांना फार वेड. अकरा वर्षांचं चक्र असतं म्हणे त्याच्या डागांचं, २०२४ला ते भरात होतं. डाग जास्त असले की वातावरणाचा वरचा थर लहरींना नीट परतवतो, दहा मीटरचा बँड उघडतो, आणि जेमतेम तारेवर, थोड्या वॉटात पलीकडचं टोक गाठता येतं. संध्याकाळी युरोप तर धो-धो येतो. अमेरिकेची वाट मात्र इथून पार उत्तर ध्रुवाकडून जाते, आली तर आली. त्या वर्षी हे रोज उठून सूर्याचा आकडा बघायचे. मी म्हटलं, अर्घ्य पण द्या, एवढं करताय तर.

आणि दिल्लीकडचे म्हणून हाल वेगळे. पंधरा ऑगस्टला आभाळभर पतंग, मांजाने तार कापली की हे शिडी घेऊन वर. माकडं तर अँटेनाच्या काठीवर व्यायाम करतात. तुटलं-फुटलं की लाल किल्ल्यासमोर लाजपतराय मार्केट. ‘एक कनेक्टर आणतो’ म्हणून जातात, पराठेवाल्या गल्लीतून तूप हाताला लावून परत येतात, आणि कनेक्टर विसरलेला असतो.

पण सगळ्यात मोठा वैरी कोण? गडगडाट नाही, पोलीस नाहीत. स्वस्तातल्या एलईडी माळा! मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्ट, सगळ्यांचा काही ना काही खरखराट लहरींत मिसळतो. दिवाळीत तर अख्खी गल्ली खरखरते. हे रात्री छोटा ट्रान्झिस्टर कानाला लावून फाटकाफाटकापाशी उभे राहतात, कुणाची माळ जास्त बोंबलते ते हुडकत. कोपऱ्यावरच्या अंकलना ‘एजन्सी’ची खात्री तिथूनच पटली.

मग ह्यांनी तोड काढली. दर वर्षी कुंभाराकडून टोपलीभर पणत्या आणतात, तेल-वातीसकट घरोघर वाटतात. ‘आपली परंपरा, भाईसाब, मिट्टी का दिया ही असली दिवाली है.’ समोरच्या आंटींचे तर डोळे पाणावले होते. कॉलनीच्या आरडब्ल्यूएने, म्हणजे रहिवासी संघाने, फुलांचा हार घालून सत्कार केला ह्यांचा, पर्यावरणप्रेमी म्हणून! मी टाळ्या वाजवत होते आणि हे मला खालून चिमटा काढत होते.

तर वहिनी, तुमच्या बाल्कनीत काल ती निळी माळ दिसली, लुकलुकणारी. सुरेख आहे हो, नाही असं नाही. पण सांगून ठेवते, हे आज संध्याकाळी टोपली घेऊन तुमच्या दारी येतील. परंपरेवर बोलायला लागले की मान डोलवा, पणत्या घ्या, आणि तेल जरा जास्तच मागून घ्या.